टाकीच्या चित्राखालचं कडवं

पाणीखात्यात मीटर वाचायला निघालेल्या माणसाजवळ तीन गोष्टी असाव्या लागतात: बॅटरी, वही आणि कुत्र्याला दाखवायला काठी. कविराजांकडे चौथीही गोष्ट होती, कीर्ती. पण एकतीस वर्षांचा अनुभव असा, की कुत्र्यापुढे ती कामाला येत नाही.

कविराज हे काही त्यांचं नाव नव्हे. ते खात्यानं ठेवलेलं. पहिली दोन वर्षं कौतुकानं, पुढची पाच चेष्टेनं आणि मग नुसतं सवयीनं. दिवसाला साठ घरं. झाकण उचलायचं, कोळिष्टक पुसायचं, काचेवर बॅटरी मारून आकडा वाचायचा, वहीत मांडायचा. आकड्याच्या पुढे शेऱ्याचा रकाना. त्यात मनचं काही लिहायचं नाही. पाच शेरे खात्यानं ठरवून दिलेले, त्यांचे नुसते क्रमांक टाकायचे. एक म्हणजे घर बंद. दोन, काच धूसर. तीन, कुत्रं. चार, मीटर मातीखाली. पाच, घरातल्यांनी वाद घातला. माणसाच्या दारात याहून वेगळं काही घडू शकतं, असं खात्याला वाटत नव्हतं.

एकदा, नोकरीच्या चौथ्या वर्षी, कविराजांनी अर्ज केला होता. उताराच्या वस्तीत नळाला पाणी येत नाही, नुसती हवा येते, आणि हवेनंही मीटर फिरतं. तर 'हवा' असा सहावा शेरा मंजूर व्हावा. चौदा महिन्यांनी उत्तर आलं: हवा हा विषय या खात्याच्या अखत्यारीत येत नाही. कविराजांनी ते उत्तर जपून ठेवलं. विनोदी लेखन म्हणून त्यांना ते आपल्या कवितेपेक्षा सरस वाटे.

ती कविता मात्र देशातल्या प्रत्येक मुलाला पाठ होती.

झालं होतं असं. एकतीस वर्षांपूर्वी, टेकडीवर मोठी टाकी बांधून पूर्ण झाली आणि 'स्वातंत्र्य घरोघर' म्हणून खात्यानं गाजावाजा केला, तेव्हा कविराज सत्तावीस वर्षांचे होते, नोकरीत नवे होते आणि राहायला उताराच्या वस्तीतच होते. टाकी उघडायच्या दिवशी त्यांनी कविता केली. तिची सुरुवात अशी:

डोंगर फोडून, बांध घालून
आणली आम्ही नदी घरात;
राजा-रंक एका रांगेत,
एकच पाणी साऱ्या घड्यांत.

आणि तिसरं कडवं असं:

उघडा नळ अन् धरा ओंजळी,
कोण थोर अन् कोण लहान?
दारोदारी वाहत आले
स्वातंत्र्याचे निर्मळ दान.

तीन कडवी झाली आणि कविराज वस्तीच्या सार्वजनिक नळावर गेले, तर तिथे धुणेवाली मावशी घडा लावून बसलेली. चार गल्ल्यांची धुणी धुणारी बाई, तोंडानं तिखट. नळ फुसफुसत होता. नळावरचं नवंकोरं मीटर झोकात फिरत होतं. कविराजांनी उत्साहानं तिला कविता ऐकवली. तिनं ती घड्याला टेकून पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "छान आहे हो. फक्त आमच्या दारी नळ आला, त्यात हवाच येते. घडासुद्धा हसतोय बघ. आणि ते तुझं चक्र फिरतंय ते फिरतंयच. हे घाल की."

कविराजांनी घातलं. तिचेच शब्द, मात्रा तेवढ्या नीट केल्या:

आमच्या दारी नळ आला गं,
नळात नुसती हवा वाहते;
फुसफुस ऐकून घडा हसतो,
मीटर मात्र फिरत राहते.

चार कडव्यांची कविता त्यांनी खात्याच्या मासिकाकडे पाठवली. ती तिथून कुठे कुठे फिरली देव जाणे. तीन महिन्यांनी एक जाडजूड पाकीट आलं. त्यात तिसरीचं पाठ्यपुस्तक होतं, पान बावन्नवर कविता होती, तीन कडवी. चौथ्याच्या जागी टाकीचं चित्र होतं. त्याच पाकिटात एक किल्ली होती: टेकडीवरच्या सरकारी इमारतीतली खोली, तिसरा मजला, चोवीस तास पाणी, 'राष्ट्रीय कवीस सेवाकाळापुरती'. कविराज तक्रारीचं पत्र लिहायला बसले होते. पण बायको तोवर बादल्या बांधून मोकळी झाली होती. तीन वर्षं ती दोन हातांत दोन बादल्या घेऊन पायथ्याच्या ओढ्यावरून रोज उतार चढली होती. पायऱ्या सत्तावन्न. आकडा तिनंच मोजलेला, आणि नवऱ्याच्या मीटरवाचनापेक्षा तो भरवशाचा होता.

पत्र राहिलं. मग दरवर्षी स्वातंत्र्यदिनी टाकीखालच्या मैदानात कविराज व्यासपीठावर उभे राहू लागले. उजवा हात वर, पहिली ओळ, आणि तिसऱ्या कडव्यातल्या 'दान' या शब्दावर बँडचा ढोल. ढोलानंतर टाळ्या, टाळ्यांनंतर फुगे. चौथ्या कडव्याला कुणी कधी बंदी घातली नाही. तशी वेळच आली नाही.

उताराच्या वस्तीत मात्र वसुली चालूच होती. दर महिन्याला मीटर बघायला गेले की मावशी दारातून विचारायची, "काय रे, आलं का माझं कडवं?"

"पुढच्या वर्षी बघू, मावशी."

"पाण्याचंपण तेच सांगतोस."

अशी एकतीस वर्षं गेली. मावशी सत्तरीपार गेली, कविराजांना अठ्ठावन्न पूर्ण होत आले. महिनाअखेर निवृत्ती, आणि निवृत्तीबरोबर खोली खाली करायची. बायकोचे गुडघे असे झाले होते, की तिसऱ्या मजल्यावरून ती फक्त स्वातंत्र्यदिनाला उतरे, तेही कठड्याला धरून. आता पुन्हा उतारावर जायचं, तर सत्तावन्न पायऱ्या कोण चढणार आणि बादल्या कोण उचलणार, हा प्रश्न दोघांच्या ताटांमध्ये रोज येऊन बसत होता. तो वाढायला कुणी लागत नव्हतं.

अशात साहेबांनी बोलावलं. साहेब तरुण, गोड बोलणारे. कविता त्यांनीही तिसरीत पाठ केली होती आणि टाकीचं चित्र रंगवून बक्षीस मिळवलं होतं.

"कविराज, आनंदाची बातमी. टाकीच्या दर्शनी भिंतीवर तुमची कविता दगडात कोरायची ठरलीय. आणि तुमची खोली तहहयात तुमच्याकडे. तुमच्या मागे वहिनींकडेसुद्धा."

कविराजांना उगाचच वाटलं, आता पाणी मागावं.

"फक्त एक औपचारिकता," साहेबांनी कागद पुढे केला. "दगडात गेलं की बदलता येत नाही ना. म्हणून कवीचा दाखला लागतो."

दाखल्यात एकच वाक्य होतं: सदर कविता तीन कडव्यांची असून ती पूर्ण आहे, याखेरीज तिचा कोणताही भाग मी लिहिलेला नाही.

"साहेब, एक चौथं कडवं होतं."

"असेल की! कवी लोक लिहितात, खोडतात." साहेब हसले. "कार्यक्रम झाला की सही करा. घाई नाही. पण महिनाअखेरच्या आत, नाहीतर खोली यादीत जाईल."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. कविराजांच्या वाट्याला आलेल्या दोन्हींत फक्त एकीकडेच पाणी होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती भांडी विसळत होती. नळ धो धो वाहत होता.

"मग करा सही," ती म्हणाली.

"अगं, खोटं आहे ते."

"खोटं तर एकतीस वर्षं म्हणताय. आता लिहून द्यायला काय झालं?" मग नळ बारीक करून, "मला ते चौथं कडवं आवडतं हो. पण ते पिता येत नाही."

त्या महिन्यात मावशीकडे गेल्यावर कविराजांनी तिलाही सांगून टाकलं. लपवण्यात अर्थ नव्हता. मावशी साबणाच्या फेसावरून कपडा कुणाचा ते ओळखणारी बाई.

"म्हणजे तू लिहून देणार, की मी बोललेच नाही?"

"तुझं नाव कुठे येत नाही त्यात, मावशी."

"तेच तर म्हणते." तिनं पिळलेला शर्ट झटकला, त्याचे थेंब कविराजांच्या वहीवर उडाले. "हे बघ, तुझ्या बायकोचे गुडघे मला माहीत आहेत. तिच्याबरोबर पाणी भरलंय मी. सही कर, मी शिव्या देणार नाही. पण त्याआधी एकदा, एकदाच, तिथे उभा राहून म्हण. आमच्या वस्तीतही भोंगा बांधतात. मला ऐकायचंय, माझं बोलणं भोंग्यातून कसं वाटतं."

मागणी लहान होती. लहान मागण्यांचा तोच त्रास असतो, नाही म्हणायला कारण सापडत नाही.

कविराज बँडवाल्यांकडे गेले. बँडवाले जुने दोस्त, पोट ढोलापेक्षा मोठं.

"यंदा 'दान'नंतर जरा थांबाल का? चार ओळी जास्त आहेत."

"कविराज, तुमच्यासाठी जीव देईन. पण माझी ढोलवाली पोरं आहेत ना, त्यांना 'दान' ऐकू आलं की हात पडतो. मी नाही म्हटलं तरी पडतो. मागच्या खेपेला एका सभेत वक्ता नुसता 'रक्तदान' म्हणाला, तर यांनी वाजवलं!"

कविराज हसले, आणि परतताना त्यांना युक्ती सुचली. चौथं कडवं शेवटी म्हणायचं कुणी सांगितलंय? सुरुवातीलाच म्हणायचं. आधी चौथं, मग पहिलं, दुसरं, तिसरं, दान, ढोल, टाळ्या. मैदानातली शाळकरी मुलं दरवर्षी त्यांच्यामागून म्हणतात खरी, पण ती त्यांची ओळ ऐकून म्हणतात. अनोळखी कडवं आलं की गप्प बसतील. एवढा हिशेब त्यांनी उतार चढता चढता मांडला आणि सत्तावन्नाव्या पायरीवर त्यांना चक्क तरुण झाल्यासारखं वाटलं.

स्वातंत्र्यदिन उजाडला. मैदान भरलं. व्यासपीठाच्या डाव्या अंगाला सातशे मुलं पांढऱ्या कपड्यांत. लाउडस्पीकरवाल्यानं यंदा त्यांच्यापुढे चार माइक मांडले होते. कविराजांचा माइक एकच, आणि त्यांना खोकला होतो म्हणून तोही दबका ठेवलेला. बायको तिसऱ्या रांगेत. झेंडा वर गेला, साहेबांचं भाषण झालं, कविराजांचं नाव पुकारलं गेलं.

कविराज माइकपुढे आले. चौथ्या कडव्याची पहिली ओळ त्यांनी तोंडात घोळवून तयार ठेवली होती. श्वास घेतला. आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा उजवा हात वर गेला.

मुलं ओळ ऐकून म्हणत नव्हती. मुलं हात बघत होती.

"डोंगर फोडून, बांध घालून!" सातशे गळे, चार माइक.

कविराज म्हणाले, "आमच्या दारी नळ आला गं." त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही. ते थांबले नाहीत. मुलांचं पहिलं कडवं संपायच्या आत त्यांचं चौथं संपलं. दुसरं सुरू झालं, त्यांनी चौथं पुन्हा म्हटलं, या खेपेला ओरडून. माइकनं खरखर केली आणि लाउडस्पीकरवाल्यानं काळजीनं तो आणखी दाबला. तिसऱ्या कडव्याला त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं. हात अजून वरच होता. खाली घ्यायचं भान नव्हतं, आणि तो वर आहे तोवर मुलं थांबणार नव्हती. आपल्याच शब्दांनी आपलं तोंड बंद करायची ही सोय त्यांनी आयुष्यभर मेहनतीनं उभी केली होती. तक्रार कुणाकडे करायची?

"निर्मळ दान!" ढोल. टाळ्या. फुगे.

"कविराज, काय जोश होता आज!" व्यासपीठाच्या मागे साहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. मीही हललो." लगेच कागद, कागदाखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पेन.

बायको कठडा धरून तिथे पोचली होती. तिनं कागद पाहिला, मग त्यांच्याकडे.

"आज तुमचे ओठ वेगळे हलत होते," ती हळूच म्हणाली.

"ऐकू आलं?"

"नाही. दिसलं." आणि ती व्यासपीठाच्या तीन पायऱ्यांकडे बघू लागली, ज्या तिला अजून उतरायच्या होत्या.

कविराजांनी सही केली.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्या वाटणीला उताराची वस्ती आली. मावशी दारात बसलेली. कपडे नव्हते पुढ्यात. नळाला चार दिवस थेंब नव्हता.

"म्हटलं मी," कविराज म्हणाले. "तीन वेळा म्हटलं."

"मग भोंगा तर माझ्या डोक्यावर बांधलाय. मला पोरंच ऐकू आली."

"हो. पोरांनी बुडवलं."

"आणि कागद?"

"केला."

मावशीनं मान हलवली. शिव्या दिल्या नाहीत, शब्दाला जागली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं कविराजांना वाटलं. झाकण उचलून त्यांनी काच पुसली. नळ उघडाच होता आणि फुसफुसत होता. चक्र डौलात फिरत होतं. आकडा गेल्या खेपेपेक्षा एकोणीसनं जास्त. त्यांनी तो मांडला. मग शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. घर बंद नव्हतं, काच स्वच्छ होती, कुत्रं नव्हतं, माती नव्हती आणि वाद घालायला मावशी तयार नव्हती.

कविराजांनी त्या बोटभर रुंद रकान्यात बारीक अक्षरात चौथं कडवं लिहिलं. ते खालच्या चार घरांच्या रकान्यांत उतरलं. वही खात्यात जमा केली, हार घालून घेतला आणि घरी आले. तो रकाना एकतीस वर्षांत कुणी वाचला नव्हता.

नवव्या दिवशी नोटीस आली. खात्यात नवी मोजणी कारकून लागली होती आणि ती, कुणी सांगितलं नसल्यामुळे, सगळे रकाने वाचत होती. विषय: अमान्य शेऱ्याबाबत खुलासा. नियमाप्रमाणे अमान्य मजकूर शब्दशः उद्धृत केलेला होता, चारही ओळी, टंकलिखित, एकही मात्रा न चुकता. पुढे असं, की आपण दाखल्यात कविता तीन कडव्यांची व पूर्ण असल्याचं नमूद केलं आहे, तरी वरील मजकूर सात दिवसांत लेखी मागे घ्यावा, अन्यथा खोलीचा फेरविचार होईल. खाली प्रत रवाना: सात टेबलं.

बायकोनं नोटीस मोठ्यानं वाचली. चौथ्या कडव्यापाशी येताच तिनं उठून वाहता नळ बंद केला आणि मग उरलेलं वाचलं.

"आता?"

"मागे घ्यायचं," कविराज म्हणाले. "दुसरं काय."

पण मागे घेण्याचाही नमुना होता, आणि नमुन्यात वाक्य होतं: मागे घ्यावयाचा मजकूर संदिग्धता राहू नये म्हणून पुन्हा पूर्ण लिहावा. सात प्रतींत. कविराज टेबलाशी बसले. 'खालील चार ओळी मी मागे घेत आहे', असं लिहून त्यांनी चार ओळी लिहिल्या. सात वेळा लिहायच्या होत्या. अक्षर सुरेख येत होतं. पाचवी प्रत झाल्यावर बायकोनं खुर्ची ओढली आणि कागद पुढे घेतला. उरलेल्या दोन तिनं लिहिल्या.

कागद देऊन परतताना कविराज उतारावर गेले. वहीही नव्हती, काठीही नव्हती; कुत्र्यानं ओळखलं नाही, भुंकून घेतलं.

"मावशी, तुझं कडवं खात्यात सात टेबलांवर आहे. त्यांच्या हातचं एकदा, आमच्या हातचं एकदा."

"मागे घेतलेलं ना?"

"हो. मागे घेतलेलं म्हणून."

"आणि दगडावर?"

"दगडावर तीनच. उद्यापासून कोरतायत."

मावशीनं घडा सरकवून नळाखाली लावला आणि कविराजांना खुणेनं सांगितलं. त्यांनी नळ सोडला. फुस्स झालं, मग एकसारखी फुसफुस. कविराज सवयीनं वाकले, झाकण उचललं, खिशाकडे हात गेला. पेन्सिल तिथे नव्हती.

"किती झालं?" मावशीनं विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला.

"कर बंद," ती म्हणाली. "नाहीतर वरच्यांना कमी पडेल."

वरच्यांपैकी एक असलेल्या कविराजांनी नळ घट्ट बंद केला आणि ते पायऱ्या चढू लागले.